डोळे मिटून मारलेली गाठ

पिवळ्या रंगाची बाटली उघडलेलीच नव्हती.

युनिसने ती हातात घेतली, उलटी केली, झाकणाभोवतीचं प्लॅस्टिक नखाने खरवडून पाहिलं. सील जसंच्या तसं. तिने बाटली खाली ठेवली आणि परत उचलली, जणू दुसऱ्यांदा उचलल्यावर ती अर्धी रिकामी निघणार होती.

मूळ रहिवाशांच्या टिलपिरी या वस्तीत, बायकांच्या चित्रघरात, त्या सकाळी ती एकटीच होती. बाकी जवळजवळ सगळी वस्ती फुटबॉलच्या सामन्यांसाठी शेजारच्या गावी लोटली होती. युनिस ब्रश धुवायला म्हणून आली आणि कपाटातली ही बाटली बघून तिच्या तोंडचं पाणी पळालं. मोठ्या चित्राच्या उजव्या खालच्या कोपऱ्यावर तिला पिवळे ठिपके द्यायचे होते. जुना पिवळा संपला होता, नवा टपालाच्या विमानातून यायचा होता. तो आला, कपाटात गेला, आणि कोपरा तसाच राहिला. उघडा.

कोपऱ्यात काय होतं ते इथे सांगायचं नाही. सांगायचं असतं तर झाकायची गरज काय होती?

युनिसची काम करायची रीत तिच्या आत्याने शिकवलेली. आधी खरं काढायचं, मग ते झाकायचं. बापाच्या पाणवठ्याची गोष्ट काढायची तर हाताला खरी वाट ठाऊक असावी लागते. नुसते वरवर ठिपके देणारीचं चित्र पोकळ दिसतं, आणि ते जाणत्या बाईला लांबूनही कळतं. म्हणून कापडावर पहिल्यांदा सगळं खरं उतरवायचं, बायकांनी बायकांपुरतं ठेवलेलंही, आणि मग त्यावर थरावर थर ठिपके देत ते आत ठेवून द्यायचं. लोकांना वरचं दिसतं, आतलं आत राहतं. आजवर तिच्या हातून आतलं कधी बाहेर राहिलं नव्हतं. आणि राहिलं तेही कोणत्या चित्रात, तर गळ्यागळ्यात फिरणार होतं त्या.

मेलबर्नच्या दोघी बायका इथल्या चित्रांवरून ओढण्या, पिशव्या, कानातली असलं काही काही बनवत. माणसं चांगली. स्वतः आल्या, जमिनीवर मांडी घालून बसल्या, राखेतलं कांगारूचं शेपूट बोटं चाटत खाल्लं, आणि विचारल्याशिवाय एक रेघही घेतली नाही. प्रत्येक ओढणीमागे चित्र काढणारीला वाटा देत होत्या. एकदाच चुकल्या. उशांचे अभ्रे करू का, म्हणाल्या.

"माझ्या बापाच्या पाणवठ्यावर लोकांनी बूड टेकायचं?" युनिसने विचारलं होतं, आणि सगळ्या बायका डोळ्यांत पाणी येईस्तोवर हसल्या होत्या. त्या दोघी लाजून लालबुंद झाल्या. उशा रद्द झाल्या. खांद्यावर, गळ्यात, कानात चालेल असं ठरलं. त्या फसव्या असत्या तर आज युनिसला निदान त्यांना शिव्या तरी देता आल्या असत्या. पण त्या प्रामाणिक होत्या, म्हणजे तिने जे दिलं तेच त्या छापणार होत्या, जसंच्या तसं, कोपऱ्यासकट.

आणि चित्र गेलं होतं. चित्रघर सांभाळणाऱ्या मार्गोने काल संध्याकाळी त्याची गुंडाळी करून दोरीने बांधली होती. मार्गोला तो कोपरा दिसला असणार, पण कळला नसणार. ठिपके कुठे आहेत हे गोऱ्या माणसाला लगेच दिसतं, ते कुठे नाहीत हे दिसायला जन्म जातो. "तुझा जावई उद्या अॅलिसला निघालाच आहे, त्याच्याबरोबर पाठवते," एवढं बोलून मार्गोसुद्धा फुटबॉलला गेली. अॅलिस शहरात चित्रांचे फोटो काढणारा एक जण होता. पुरुष. मोठा दिवा लावून, भिंग लावून, इंच इंच फोटो काढायचा.

तो तरी लांबचा. आज कापड नेणारा जावई घरचा होता. बायकांचं जे आहे ते पुरुषाच्या नजरेला पडलं तर बघणाऱ्याला धरतं, आणि कधी कधी त्याला सोडून त्याच्या लेकराला धरतं, असं आत्या सांगायची. आणि जावई अॅलिसला निघाला होता तो तिच्या लेकीच्या, रोझलिनच्या बाळंतपणासाठी. पोर तिथल्या दवाखान्यात कळा मोजत पडली होती.

युनिसने बाटली स्कर्टच्या खिशात कोंबली आणि ती पळत सुटली. या वयात पळणं म्हणजे काय ते तिच्या गुडघ्यांनी तिला लगेच सांगितलं.

*

गाडी दुकानासमोर उभी होती. देवच पावला, असं तिला वाटलं. पण गाडीजवळ जावई होता, डिझेल भरत. आणि हीच तर खरी पंचाईत होती.

त्यांच्या रीतीत सासूने आणि जावयाने एकमेकांसमोर यायचं नाही. बोलायचं नाही, नाव घ्यायचं नाही, एका गाडीत बसायचं नाही, एकाच झाडाची सावली घ्यायची नाही. भांडण असतं म्हणून नव्हे. मान असतो म्हणून. लग्न झाल्यापासून युनिसने त्याची पाठ बघितली होती, टोपी बघितली होती, पण चेहरा कधी धड बघितला नव्हता. असा पाळणारा जावई मिळाला म्हणून ती गावभर मिरवायची. आजकालची पोरं सासूसमोर चुइंगम चघळत उभी राहतात; माझा जावई तसला नाही, म्हणायची. तो खरोखरच तसला नव्हता, आणि आज ते तिच्या अंगावर आलं.

तिची सावली दिसताच त्याने मान फिरवली आणि तो गाडीच्या पलीकडे गेला. ती डिझेलच्या पिंपाआड थांबली. दुकानात फक्त नवा गोरा दुकानदार होता. त्याला सांगायचं म्हणजे आणखी एका पुरुषाला सांगायचं. बाकी रस्त्यावर चिटपाखरू नव्हतं. होता तो बिस्किट, तिचा लंगडा कुत्रा, तिच्यामागून धापा टाकत आलेला.

"बिस्किट!" ती पिंपाकडे तोंड करून ओरडली. "मेल्या, कुठे निघालास एवढ्या घाईने? थांब जरा! सामान खाली ठेव! त्या सामानाचं काम अजून व्हायचंय, ऐकतोस का?"

लेकी बोले सुने लागे, हे खरं. पण सुनेने कानात बोटं घातली तर काय करायचं? सासूचा आवाज आपल्या कानी पडतोय म्हणताना जावयाने भराभर टाकीचं झाकण लावलं, आत बसला, काच वर केली आणि सभ्यपणाने गाडी सुसाट काढली. मागे उरली लाल धूळ. बिस्किट मात्र खाली बसला होता. आयुष्यात पहिल्यांदाच त्याने कुणाचं तरी ऐकलं होतं.

तिने फोन काढला. रोझलिनचा फोन वाजत राहिला. मग विनीचं नाव दिसलं आणि तिचा अंगठा थबकला.

विनी तिची आतेबहीण. गोष्टीवरचा हक्क बापाकडून येतो, तसा युनिसचा होता. पण ती गोष्ट बरोबर निघाली की नाही हे पाहणं आईकडून येतं, आणि ते काम विनीचं. मालकी एकीची, राखण दुसरीची. एकीशिवाय दुसरीने पाऊल टाकायचं नाही. एरवी विनी शेजारी बसायची, ब्रशला हात लावायची नाही, नुसतं अधूनमधून "अंहं" म्हणायची, आणि त्या अंहंवर युनिसचा हात वळायचा. पण मूत्रपिंडं गेल्यापासून विनी अॅलिसमध्ये मशीनला बांधलेली. "मी येईपर्यंत थांबशील?" तिने फोनवर विचारलं होतं. "मेलबर्नवाल्या वाट बघतायत गं," युनिस म्हणाली होती. "मी नीट बघते सगळं." नीट बघते! तिला आपल्याच थोबाडीत मारून घ्यावंसं वाटलं. शिक्षा झाली तर राखण करणारीलाही होते. आजारी बाईच्या माथी तिने हे मारलं होतं. तिने फोन खिशात टाकला आणि ती डॉरिनच्या घराकडे वळली.

*

डॉरिन तिची नणंद, रोझलिनची आत्या. टिलपिरीत त्या दिवशी उरलेली दुसरी गाडी तिची होती, मागची काच नसलेली. डॉरिन सामन्यांना गेली नव्हती, कारण आपल्या संघाला हरताना बघायचं तर घरबसल्या डोळे मिटूनही बघता येतं, असं तिचं म्हणणं.

"वन्सं, गाडी काढा!"

"का? चहा उकळतोय."

"जावयाला गाठायचंय."

डॉरिनच्या हातातला डबा तसाच राहिला. "वहिनी, उन्हाने डोकं फिरलं का? सासू जावयाच्या मागे गाडी घेऊन? लोक म्हणतील काय?"

"लोक फुटबॉलला गेलेत! काढा हो गाडी."

"आधी सांग, झालं काय?"

युनिसला सगळं सांगता येईना. डॉरिन बाई होती, पण त्या गोष्टीच्या मुलखातली नव्हती. "चित्रात राहिलंय काही," ती म्हणाली. "झाकायचं."

"बायकांचं?"

"बायकांचं."

डॉरिनने चहा निखाऱ्यांवर ओतला आणि किल्ली उचलली. यापुढे तिने एकही प्रश्न विचारला नाही. बिस्किट न बोलावताच मागे चढला.

पुढे लांबवर धुळीचा लोट दिसत होता. डॉरिनने गाडी अशी पिटाळली की दारं आपटू लागली. लोट जवळ आला, त्यात गाडी दिसू लागली, गाडीच्या मागच्या काचेतून आडवी ठेवलेली गुंडाळीही दिसली. डॉरिनने हॉर्न दाबला. पुढची गाडी क्षणभर मंदावली. आणि मग उधळली.

"अगं, हा पळतोय कशाला?" डॉरिन ओरडली.

"आरशात मी दिसले असेन," युनिस म्हणाली.

"म्हणजे आपण जितकं धावू तितका तो मान देणार! वहिनी, असला जावई कुठून शोधून आणलास? जरा वाईट वळणाचा बघितला असतास तर आत्ता कापड हातात असतं."

"खड्डे आहेत हो पुढे. असा हाणायला लागला तर गुंडाळी सुटेल."

"मग वाक! खाली वाक, पायाशी बस!"

युनिस सीटखाली सरकली. गुडघे हनुवटीला लागले, नाकात जुन्या पेट्रोलचा आणि कुत्र्याचा वास गेला. आता तिला काही दिसत नव्हतं, आणि न दिसण्याने सगळं जास्तच दिसायला लागलं. दोरी सुटतेय. कापड उलगडतंय. तो मागे वळून बघतोय. दवाखान्यात रोझलिन ओरडतेय. मेलबर्नच्या रस्त्यावर कुणी परकी बाई ओढणीचं टोक खांद्यावर टाकतेय, आणि त्या टोकावर तिच्या आत्याने कानात सांगितलेलं सगळं, उघडं, पावसात भिजतंय. ओढणी कुणी चुरगाळेल, कुणी त्यात नाक पुसेल. हे सगळं आपल्या हाताने झालं, आपल्या घाईने झालं, हे तिला इतकं लागलं की तिने मूठ तोंडात धरली.

"वहिनी," डॉरिन हळू आवाजात म्हणाली, "तो थांबलाय."

*

कोरड्या नदीच्या पात्रात गाडी तिरकी उभी होती. मागचं दार सताड उघडं. जावई गाडीपासून बराच लांब, पांढऱ्या खोडाच्या झाडाखाली, पाठ करून उभा होता. टोपी डोळ्यांपर्यंत ओढलेली आणि वरून हाताने दाबून धरलेली.

युनिसने सीटखालून डोकं वर काढलं. पाहिलं याने. पाहिल्याशिवाय माणूस असा उभा राहत नाही.

डॉरिन उतरून पुढे गेली. "काय झालं रे डेस्मंड?"

"आत्या, पात्रात उतरताना गाडी आपटली," तो झाडाला म्हणाला. "मागे फडफड ऐकू आली. दोरी सुटली."

डॉरिन गाडीकडे वळून मोठ्याने म्हणाली, "दोरी सुटली म्हणतो!"

"मला कान आहेत, वन्सं." युनिस सीटखालून बाहेर आली होती, पण दाराआड दाराला धरून उभी होती. "मग? मग काय झालं?"

"मग काय झालं, रे?"

"मग मी गाडी थांबवली."

"थांबवली म्हणतो!"

पुढचा प्रश्न युनिसच्या ओठांवर आला आणि तिथेच अडला. पाहिलंस का, असं विचारणं म्हणजे पाहण्यासारखं काही होतं हे सांगणं. आणि तो हो म्हणाला तर? मग ते शब्द परत गिळता येणार नव्हते. मग विनीला सांगावं लागेल, म्हाताऱ्या बायकांना सांगावं लागेल, आणि जन्माला येणाऱ्या पोराकडे सगळे आयुष्यभर त्याच नजरेने बघतील. न विचारावं, तर ती स्वतःच त्याच नजरेने बघेल. पोराला साधा ताप आला तरी.

"काय विचारू?" डॉरिनने खुणावलं.

"विचारा," ती दाराआडूनच म्हणाली. "विचारा, कापड आता कुठे आहे?"

"गाडीतच आहे, आत्या," डॉरिनने विचारायची वाट न बघता तो म्हणाला. "बांधलंय. त्यांना सांगा, बाळासाठी घेतलेल्या चादरीत बांधलंय. रोझलिन रागावेल, पण हाताला दुसरं काही लागलं नाही."

युनिस गाडीच्या मागे गेली. सीटवर गठुडं होतं. चित्र वेडंवाकडं गुंडाळलेलं आणि त्यावर नवीकोरी पांढरी चादर, सशांची नक्षी असलेली. तिने गाठीला हात घातला आणि थांबली.

असली गाठ तिने जन्मात बघितली नव्हती. चादरीची तीन टोकं गाठीत होती, चौथं भलतीकडेच लोंबत होतं. गाठीत वाळक्या गवताची काडी अडकली होती. सुटलेली दोरी होती. आणि गाडीचा सीटबेल्टही होता, दोनदा वळसा घेऊन, टोकांबरोबर गच्च आवळलेला. गठुडं गाडीलाच बांधलं गेलं होतं. डोळे उघडे असलेला माणूस सीटबेल्ट गाठीत बांधत नाही.

ती सीटच्या कडेला टेकली आणि रडली. आवाज न करता रडायचं म्हटलं तरी थोडा आवाज झालाच. मग तिने नाक पुसलं. बिस्किट चाकापाशी येऊन बसला होता.

"बिस्किट," ती मोठ्याने म्हणाली, "चांगला आहेस हो तू. फार चांगल्या घरचा आहेस."

झाडाखालून थोड्या वेळाने कुणीतरी खाकरलं.

गाठ सोडायला दोघींना दात लावावे लागले. डॉरिन चादर आडोशाला धरून, तोंड फिरवून उभी राहिली. युनिसने पिवळ्या बाटलीचं सील तोडलं, काटकीचं टोक चावून मऊ केलं आणि तिथेच, वाळूवर गुडघे टेकून, कोपरा झाकायला घेतला. पहिले ठिपके मोठे पडले. मग हात बसला. विनी शेजारी नव्हती, म्हणून तिने स्वतःलाच अधूनमधून "अंहं" म्हटलं. रंग वाळेपर्यंत ऊन माथ्यावर आलं. झाडाखालचा माणूस तसाच पाठ करून उभा होता. सावली त्याच्या पायाखालून सरकली, तरी तो हलला नाही.

"त्याला सांगा," गुंडाळी बांधताना युनिस म्हणाली, "फोटोवाल्याकडे न्यायचं नाही. थेट विनीकडे. ती दार लावून बघेल. ती हो म्हणाली तर पुढे, नाहीतर परत घरी. मेलबर्नवाल्यांना म्हणावं, थांबा."

"ऐकलंस का रे?"

"ऐकलं, आत्या. आता निघू का? रोझलिन..."

"निघ, निघ!" युनिस स्वतःच ओरडली, मग जीभ चावून तिने कुत्र्याला ढकललं. "निघ म्हणते ना, बिस्किट!"

*

विनीने मशीनवरून उठल्यावर, दार लावून, चित्र बघितलं. मग फोन केला. त्या फोनमध्ये युनिसला जे ऐकावं लागलं ते तिने कुणाला सांगितलं नाही. शेवटी विनी एवढंच म्हणाली, "कोपरा आता बरा झाकलायस. पण छापायचा नाही. एवढा पळालेला कोपरा, त्याला घरी राहू दे." मेलबर्नच्या दोघींनी का म्हणून विचारलं नाही. बाकीचं चित्र छापलं. ओढण्या आल्या तेव्हा बायकांनी त्या गळ्यात घालून पाहिल्या, एकमेकींची थट्टा केली, आणि युनिसने प्रत्येक ओढणीचं उजवं टोक उलटसुलट करून तपासलं. सगळ्या ओढण्यांचं.

रोझलिन बाळाला घेऊन घरी आली. मुलगी झाली होती. रडायला लागली तर टिलपिरीच्या दुसऱ्या टोकाला ऐकू जाईल अशी, धडधाकट. युनिसने तिला मांडीवर घेतलं, पावलं मोजल्यासारखी चाचपली, डोळ्यांसमोर बोट फिरवून बघितलं. पोरीने बोट पकडलं.

"आई, हा डाग बघ ना," रोझलिन चादरीचं टोक दाखवत म्हणाली. सशांच्या नक्षीत एक पिवळा ठिपका होता. "नवीन चादर, आणि बाळ यायच्या आधीच डाग! कितीदा धुतला तरी जात नाही. डेस्मंडला विचारलं तर म्हणतो, माझे डोळे मिटलेले होते. हे काय उत्तर झालं?"

युनिसने चादर बाळाभोवती घट्ट लपेटली. दारातून अंगण दिसत होतं. तिथे चुलीशी जावई पाठ करून बसला होता, शेजारी बिस्किट.

"राहू दे," ती म्हणाली. "धुऊ नकोस आता."